रामकथा, रुपेरी पडदा आणि पाच वर्षांचे मूल

चैत्र शुद्ध नवमीचा सूर्य माथ्यावर आला, की रामाच्या देवळात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. कीर्तनकारबुवांचे आख्यान जन्माच्या प्रसंगाशी येऊन थबकलेले असते, पाळण्याची दोरी सुवासिनींच्या हाती असते आणि त्या दाटीत आईच्या कडेवर, बापाच्या खांद्यावर बसलेली मुले डोळे विस्फारून सारे पाहत असतात. जन्मोत्सवाचा अर्थ त्यांना उमगतो असे नव्हे. त्यांना फुलांचा वर्षाव उमगतो, घंटांचा गजर उमगतो, तळहातावर पडलेल्या सुंठवड्याचा तिखटगोडपणा उमगतो. रामाशी होणारी ही त्यांची पहिली ओळख, आणि ती सुखाची असते. आपणा बहुतेकांची ती अशीच झाली.

आज या मंगल दिवशी आम्ही ज्या विषयावर लिहावयास बसलो आहोत, तो उत्सवाच्या पानाला शोभणारा नाही असे काही वाचकांना वाटेल. विषय चित्रपटाचा आहे. त्यातही ज्याला घरोघर ‘कार्टून’ म्हणतात, त्या चित्रांतून हलणाऱ्या चित्रपटाचा. परंतु अलीकडे रामाची पुढची ओळख मुलांना पुष्कळदा देवळात होत नाही आणि आजीच्या मांडीवरही होत नाही. ती पडद्यावर होते. तो पडदा मुलापुढे धरण्याआधी घरातली वडीलधारी माणसे फारसा विचार करीत नाहीत. आम्हीही केला नव्हता. त्याचे काय झाले, ते आधी सांगतो.

सन २०२५ च्या जानेवारीत, २४ तारखेस, ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा चित्रपट देशभरच्या चित्रपटगृहांत नव्या झळाळीने पुन्हा लागला. मूळ चित्रपट १९९३ सालचा. युगो साको नावाचे एक जपानी माहितीपटकार १९८३ साली भारतात आले होते. पुरातत्त्ववेत्ते डॉ. बी. बी. लाल यांनी रामायणाशी निगडित स्थळी केलेल्या उत्खननावर त्यांना माहितीपट करावयाचा होता. त्या निमित्ताने रामकथेशी त्यांचा परिचय झाला, जपानी भाषेत मिळतील तितकी रामायणे त्यांनी वाचून काढली आणि ही कथा चित्ररूपाने सांगावयाची असा ध्यास घेतला. राम हा देव. देवाची भूमिका एखाद्या नटाने वठविण्यापेक्षा तो चित्रातून साकार व्हावा हे उचित, अशी त्यांची धारणा होती. परदेशी माणसाच्या मनात हा विचार यावा याचे आम्हांस आजही अप्रूप वाटते. भारताच्या बाजूने राम मोहन या थोर ॲनिमेशनकाराने त्यांना साथ दिली, संगीत वनराज भाटियांनी दिले आणि संस्कृत गीते पंडित वसंत देव यांनी रचली. पूर्वीच्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता.

आमच्या चिरंजीवांनी हा चित्रपट लहानपणी घरच्या दूरदर्शन संचावर, कार्टून नेटवर्क या वाहिनीवर, कितीदा तरी पाहिला होता. साहजिकच त्यांच्या उत्साहाला उधाण आले. आमची नात तेव्हा पाचवे वर्ष नुकतेच पुरे करीत होती. तिलाही न्यायचे ठरले. चित्रपट रामाचा, चित्रे सुंदर, बाप लहानपणापासून पाहत आलेला. मग शंका घ्यायची ती कशाची? आमच्या सौ. मात्र म्हणाल्या, “इतक्या लहान मुलीला अंधारात सव्वादोन तास कशाला बसवायचं?” आम्ही त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेले.

पूर्वार्ध निर्विघ्न पार पडला. धनुष्यभंगाला तिने टाळ्या पिटल्या. वनवासाची वाट सुरू झाली आणि पंचवटीचे नाव कानी पडले, तशी ती मोठ्याने म्हणाली, “आपली पंचवटी!” आम्ही नाशिककर; सीतागुंफेबाहेरची ती वडाची झाडे तिने कितीदा पाहिलेली. शेजारचे प्रेक्षक कौतुकाने हसले. जटायू पडला तेव्हा ती रडली. पुढे युद्धाला तोंड लागले, आणि कुंभकर्ण जागा झाला.

तो प्रसंग चित्रकारांनी अतिशय प्रभावी रंगवला आहे, हे आम्ही कलेचा चाहता म्हणून आजही म्हणू. पण पाच वर्षांच्या मुलीला कला दिसत नव्हती. तिला भिंतीएवढा एक देह दिसत होता आणि चहूबाजूंनी, पाठीमागूनसुद्धा, एक गर्जना ऐकू येत होती. तिने तोंड आमच्या सदऱ्यात खुपसले. आमच्या सूनबाई उठू लागल्या, “मामंजी, मी हिला जरा बाहेर घेऊन जाते.” आणि आम्ही, पासष्टी उलटलेला गृहस्थ, त्यांना म्हणालो, “रामरायाचे चरित्र चालू असता मध्येच उठू नये. आता राम त्याला मारीलच.” नातीच्या कानाशी लागून आम्ही म्हणालो, “अगं, भ्यायचं काय त्यात? खोटं असतं ते. चित्र आहे नुसतं.”

रामाने त्याला मारले. तिने ते पाहिले नाही. तिचे डोळे मिटलेलेच होते. तिने फक्त ऐकले.

त्या रात्री ती दोनदा दचकून उठली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला देवघरात यायला तयार होईना. आमच्या देवघरात रामपंचायतनाची जुनी तसबीर आहे. रोज उदबत्ती ओवाळण्यासाठी हट्ट धरणारी मुलगी उंबऱ्यापाशीच थांबली. सौ.नी जवळ घेऊन कारण विचारले, तेव्हा उत्तर आले, “राम आला की तोपण येतो.” थोड्या वेळाने तिने आम्हांस विचारले, “आजोबा, तो खोटा आहे ना? मग राम पण खोटा आहे?”

वाचकहो, आमचे अर्धे आयुष्य रामायणावरील प्रवचने ऐकण्यात गेले. पण या प्रश्नाने आम्ही जसे निरुत्तर झालो, तसे कधी झालो नव्हतो.

मुलांच्या चित्रपटाची पारख करणारे लोक पुष्कळ आहेत. मारामारी किती, अपशब्द किती, भयप्रद प्रसंग किती हे ते मोजून सांगतात. राक्षसाच्या वा चेटकिणीच्या साध्या गोष्टीवरचा चित्रपट असता, तर ‘हे सारे खोटे आहे’ हा तोडगा निदान मोठ्या मुलाला तरी लागू पडला असता. भाविक घराची अडचण निराळी आहे. आपण मुलाला राम खरा आहे असे सांगतो, त्याच्या नावाने हात जोडायला शिकवतो, निजताना त्याचे स्तोत्र म्हणायला लावतो. आणि पडद्यावर त्याची कथा भयंकर वळणावर आली, की घाईघाईने ते खोटे असल्याचे सांगू लागतो. मुलाच्या मनात दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी जाऊन बसतात. म्हणून धार्मिक ॲनिमेशनपट निवडताना आपण इतरांहून अधिक काटेकोर असावयास हवे. प्रत्यक्षात आपण इतरांहून सैल असतो. ‘देवाचा सिनेमा आहे’ एवढे म्हटले, की आपला विवेक पादत्राणांसारखा दाराबाहेर राहतो.

या सैलपणाला मोठी परंपरा आहे, आणि ती निंद्य नाही. आमच्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत. १९८७ च्या जानेवारीत रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी स्नान करून दूरदर्शन संचाला हार घालणारी घरे आमच्याच आळीत होती. त्यांतले एक आमचे. आपल्याकडे पडदा हा निव्वळ करमणुकीचा कधीच नव्हता. तेथे दर्शन घडते. आणि दर्शन चालू असता उठून जाणे हा अपराध, ही भावना हाडीमाशी खिळलेली आहे. त्या दिवशी सूनबाईंना आम्ही बसवून ठेवले ते या भावनेपोटी. परंतु कीर्तनात मूल रडू लागले तर आई त्याला घेऊन सभामंडपाबाहेर जातेच की! बुवा तिला बोल लावीत नाहीत आणि देवही लावीत नसावा. जो शिष्टाचार देवळात आहे, तो चित्रपटगृहात का नसावा, हे आम्हांस त्या काळोखात सुचले नाही.

आता आजीच्या गोष्टीकडे वळू. रामायणात भय नाही असे कोण म्हणेल? ताटका आहे, कबंध आहे, कुंभकर्ण तर आहेच. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा चार-पाच वर्षांच्या पोरांनी ऐकली आणि कोणी देवघराला भ्याले नाही. याचे कारण सांगणारीचे लक्ष कथेपेक्षा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे अधिक असे. पोराचे डोळे मोठे झाले, की राक्षस लहान होई. पोर अधिक भिऊ लागले, की त्या राक्षसाला शिंक येई किंवा त्याचे धोतर सुटे. आणि पोराला रंगत चढली, तर तोच राक्षस ताडामाडाएवढा होई. शिवाय ऐकणारे मूल कुंभकर्णाचे चित्र स्वतःच रेखाटते आणि स्वतःला पेलेल एवढेच मोठे रेखाटते. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा रेडिओभोवती जमलेल्या घरांत लहान मुलेही असत; युद्धाची गीते ऐकून कोणाची झोप उडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पडद्याचे तसे नाही. तो शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहत नाही. पाच वर्षांच्या मुलाला आणि पन्नास वर्षांच्या माणसाला तो एकाच मापाचा कुंभकर्ण वाढतो.

चिरंजीवांचे जे चुकले, तेही येथेच. त्यांनी हा चित्रपट पाहिला होता तो घरातल्या लहानशा संचावर, दिवा चालू असताना, मधूनमधून जाहिराती येत असताना, स्वयंपाकघरातून आईच्या भांड्यांचा आवाज येत असताना. भय वाटले तर उठून आत जाता येत होते. पंचवीस वर्षांनी त्यांनी मुलीला नेले ते काळोखात, भिंतभर पडद्यापुढे आणि सगळीकडून येणाऱ्या आवाजात. चित्रपट तोच होता, पण पाहणे ते नव्हते. ‘आम्ही लहानपणी पाहिलाच की’ असे म्हणणाऱ्या तरुण आईबापांनी एवढा एक फेरविचार अवश्य करावा.

सरकारी प्रमाणपत्राचा आधार किती घ्यावा, असेही आम्हांस विचारले जाते. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली प्रथम ‘यू’ आणि ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते. १९८३ साली ‘यूए’ हा मधला वर्ग आला. आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या मधल्या वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन टप्पे पाडले. ही सुधारणा चांगलीच आहे. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर झळकणाऱ्या त्या कागदावरचा आकडा पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी. पण तो आकडा म्हणजे पालकांना दिलेली सूचना आहे. आपल्या मुलाची ओळख मंडळाला नाही. सात वर्षांची दोन मुले सारखी नसतात. एक पडद्यावरचा रक्तपात पाहत लाह्या खाते, तर दुसरे हरवलेल्या वासराने हंबरडा फोडला तरी रात्रभर जागते. मंडळाने ‘सर्वांसाठी’ म्हटले म्हणून ते आपल्या घरच्या मुलासाठी झाले, असे नव्हे. परदेशातही हा घोळ जुनाच आहे. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ १९३७ साली निघाला, तेव्हा ब्रिटनच्या परिनिरीक्षकांना तो लहानांसाठी इतका भयप्रद वाटला, की मोठ्या माणसासोबतच मुलांना सोडावे असे त्यांनी ठरविले. परीकथेच्या चित्रपटावर हे बंधन कशासाठी, म्हणून लोक तेव्हा हसलेही असतील. आम्ही आता हसणार नाही.

मुलांना नेमके कशाचे भय वाटते, याचा अभ्यास अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर या विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात केला. त्यांतला एक प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. एका वृद्धेच्या गोष्टीची चित्रफीत त्यांनी निरनिराळ्या प्रकारे तयार केली. कोठे ती म्हातारी दिसायला सोज्ज्वळ, कोठे भेसूर. कोठे वागायला मायाळू, कोठे दुष्ट. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिची पारख मुख्यत्वे तिच्या रूपावरून केली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी अधिक वजन तिच्या वागण्याला दिले. दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले, की ‘हे खरे नाही’ असे स्वतःला समजावण्याचा उपाय मोठ्या मुलांना उपयोगी पडतो, अगदी लहानांना पडत नाही. लहानांना आधार वाटतो तो जवळ घेतल्याने, हातात काही खाऊ दिल्याने. विद्यापीठात प्रयोग करून जे सिद्ध झाले ते आमच्या सौ. आम्हांस तिकिटे काढण्याआधीच सांगत होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

हा निष्कर्ष रामायणाला लावून पाहा. या कथेत रूपाला काय किंमत आहे? सर्वांत देखणे हरीण हा मारीच राक्षस आहे. भगवी वस्त्रे नेसून दारी आलेला भिक्षेकरी रावण आहे. उलट जटायू हा गिधाड, जांबवान हा अस्वल, आणि ज्याच्यावाचून रामकार्य झाले नसते तो वानर. रूपावर भुलू नये हेच तर रामायण पदोपदी शिकवते. आणि रूपावर भुलणे हा पाच वर्षांच्या वयाचा धर्मच आहे. आमच्या नातीने सुवर्णमृग पाहून टाळ्या वाजवल्या आणि रामाने त्याच्यावर बाण सोडताच चमकून विचारले, “हरणाला का मारलं?” तिच्या हिशेबी राम चुकला होता. या प्रश्नाला उत्तर आहे, फार सुंदर उत्तर आहे. पण ते द्यायला घरातली ओसरी हवी, थोडा वेळ हवा. पडदा थांबत नाही. आम्ही “शू” म्हणालो आणि कथा पुढे गेली. ती मुलगी मात्र हरणापाशीच राहिली.

परंतु पडद्यावर जे जे मुलाला हलवते ते ते टाळावे, असे आमचे मत नाही. अलीकडे काही सुशिक्षित घरांत मुलाच्या डोळ्यांत पाणी म्हणून येऊ द्यायचे नाही असा कटाक्ष दिसतो. तो आम्हांस पटत नाही. जटायू पडला तेव्हा आमची नात रडली, ते कसे? ती पडद्याकडे पाहत रडत होती. “त्याला पाणी द्या ना,” असे आम्हांस सांगत होती. तिचा हात आमच्या हातात होता. हे रडणे करुणेचे होते. ते माणसाला मोठे करते. डिस्नेच्या ‘बांबी’ने १९४२ पासून जगभरच्या मुलांना असेच रडविले आहे. पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते. पण ते मरण पडद्यावर दाखवलेले नाही, गोळीचा आवाज तेवढा येतो आणि मग बर्फात आईला शोधणारे पाडस दिसते. कुंभकर्णाच्या वेळी मात्र आमची नात रडली नाही. तिने तोंड फिरवले, अंग आखडून घेतले, बोलणे बंद केले. पहिल्या प्रसंगी ती प्रश्न विचारीत होती, दुसऱ्या प्रसंगी ती गप्प झाली. दुःख मुलाला आपल्याजवळ आणते आणि भय त्याला आतल्या आत कोंडते. काळोखात मुलाचा चेहरा दिसत नसला, तरी हाताला हा फरक कळतो. आमच्या हाताला कळला होता. आम्ही ऐकले नाही.

त्याच २०२५ सालच्या जुलैत अश्विन कुमार दिग्दर्शित ‘महावतार नरसिंह’ आला, आणि घरोघर पुन्हा तोच प्रश्न उठला. परिचितांपैकी तिघांनी आम्हांस विचारले, न्यावे का मुलांना? प्रल्हादाची कथा तर बालभक्ताचीच. मुलांना याहून जवळची कोणती? येथे आमचे म्हणणे थोडे अवघड आहे. कथा जवळची आहे, हीच अडचण आहे. रामायणात संकट राक्षसांकडून येते. प्रल्हादावर संकट येते ते जन्मदात्या बापाकडून. ऐकताना मूल प्रल्हादाच्या निर्भयतेशी एकरूप होते, कारण सांगणारी आजी प्रत्येक छळानंतर लगेच ‘नारायण नारायण’ म्हणून त्याला सोडवते. पाहताना मधले क्षण लांबतात. बापाचा क्रुद्ध चेहरा पडदाभर होतो, आणि मूल शेजारी बसलेल्या स्वतःच्या बापाकडे चोरून पाहते. शिवाय ज्या उग्र रूपाने हिरण्यकशिपूचा अंत होतो, ते रूप देवाचे आहे, हे रूपावरून पारख करणाऱ्या मुलाला कसे समजावे? चित्रपटात ते अंतिम युद्ध बराच वेळ चालते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तो अवश्य दाखवावा. आमच्या ओळखीच्या अशा एका मुलाने परत येऊन घरातल्या पोथीत प्रल्हादचरित्र शोधून वाचले. पाच-सहा वर्षांच्या मुलांना नेऊ नये, असे आम्ही तिघांनाही सांगितले. एकाने ऐकले, दोघांनी ऐकले नाही. त्यांतल्या एकाचे मूल मजेत परत आले, हेही प्रांजळपणे सांगतो. दुसऱ्याविषयी आम्ही विचारले नाही.

याउलट २००५ साली आलेल्या व्ही. जी. सामंत व मिलिंद उके यांच्या ‘हनुमान’ची गोष्ट. त्यात सूर्याला फळ समजून झेपावणारा बाळ मारुती आहे, त्याच्या खोड्या आहेत. देव मुलाएवढा असला, की मूल त्याचा हात धरून भयातूनही पार जाते. दादासाहेब फाळक्यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले असावे. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांनी बाळकृष्ण केला तो स्वतःच्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला.

मग आमच्या घरी आता काय रीत आहे? घरातले एक मोठे माणूस चित्रपट आधी पाहून येते. पैसे दोनदा जातात, पण सर्कशीला किंवा जत्रेला नेतानाही आपण पाळणा आधी नीट पाहतोच. पाहताना कथा ठाऊक आहे म्हणून स्वस्थ बसायचे नाही. आवाज बंद झाला असता हे चित्र मुलाला कसे दिसेल, आणि डोळे मिटले असता हा आवाज कसा वाटेल, असे दोन्ही अंगांनी पारखायचे. लहान मूल बरोबर असेल तर सकाळचा खेळ आणि वाटेच्या कडेची जागा. भाषेचाही विचार करायचा. रामायणाचा तो चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत लागला होता. घरात मराठीच बोलणाऱ्या आमच्या नातीला धीराचे शब्द अर्धे कळले आणि गर्जना मात्र पुरी कळली. जायच्या आधी कथा घरी सांगून झालेली हवी, शेवटासकट. आणि मूल गप्प झाले, अंग चोरू लागले, की उठायचे. मनातल्या मनात रामाला नमस्कार करायचा आणि बाहेर येऊन मुलाला उसाचा रस पाजायचा.

तसबिरीपुढे यायला नातीला सतरा दिवस लागले. तिला सौ.नी आणले, आमची विद्वत्ता कामी आली नाही. पहिल्या रात्री त्यांनी तिला पोटाशी घेऊन विचारले, “कुंभकर्ण घोरतो कसा, सांगू?” आणि त्या अशा काही घोरल्या, की पलीकडच्या खोलीत आम्हांसही हसू आवरेना. मग रोज रात्री कुंभकर्ण झोपू लागला. त्याला उठवायला ढोल आले, नगारे आले, हत्ती आले, लाडवांचे डोंगर आले. तो कूस बदलून पुन्हा घोरू लागे. राम खरा की खोटा, या प्रश्नाला सौ.नी उत्तर दिले नाही. तिला काळारामाच्या देवळात नेले. ती काळ्या पाषाणाची मूर्ती नातीने कडेवर असल्यापासून पाहिलेली. तिची भीती तिला कधी वाटली नव्हती. मूर्तीपुढे ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “हा राम वेगळा आहे.” सौ. म्हणाल्या, “हाच तो.” पंधरवडा उलटून गेल्यावर एका संध्याकाळी उदबत्ती कोण ओवाळणार यावरून घरात पूर्वीसारखा आरडाओरडा झाला.

आता तिने सहावे वर्ष ओलांडले आहे. आठ दिवसांपूर्वी, पाडव्याला, आमच्या कन्येचा तीन वर्षांचा मुलगा आला होता. दुपारी सारी मंडळी जेवून कलंडली असता माजघरातून नातीचा आवाज येत होता. ती त्याला रामाची गोष्ट सांगत होती. वनवास झाला, हरीण झाले, मारुतीने समुद्र ओलांडला. “मग ना, एक मोठ्ठा राक्षस होता, त्याचं नाव कुंभकर्ण,” असे म्हणून ती थांबली. आम्ही दाराआडून पाहिले. ती त्या पोराच्या तोंडाकडे निरखून पाहत होती.

“तो ना,” ती म्हणाली, “अजून झोपलाय.”